बहुपदीत √क्ष का चालत नाही?

नववीच्या बीजगणितात बहुपदीची व्याख्या येते तीच एका अटीसकट: चलाचा घातांक पूर्ण संख्या हवा. म्हणजे ०, १, २, ३ यांतला एखादा, पुढे हवा तेवढा. मग लगेच स्वाध्याय असतो, ‘खालीलपैकी बहुपदी कोणत्या ते ओळखा’. क्ष² + ५क्ष ही बहुपदी. √क्ष + ३ नाही. १/क्ष नाही. √२ क्ष² मात्र आहे. मुलं अट पाठ करतात, उत्तरं बरोबर लिहितात आणि धडा पुढे सरकतो. घातांक अर्धा असला तर काय बिघडतं, उणे एक असला तर कुणाचं काय जातं, हे विचारायला तासाला वेळ नसतो. (पुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षर असतं, इथे क्ष घेऊ. एका संख्येची जागा राखून ठेवायची, एवढंच त्याचं काम.)

ही अट खरं तर मुळातली नाही, ती परिणाम आहे. व्याख्या दुसऱ्या टोकाकडून धरली की ते दिसतं.

समजा, क्ष ही एक संख्या आहे, किती ते ठाऊक नाही. शिवाय २, −७, ३/४, √२ अशा ठाऊक असलेल्या हव्या तेवढ्या संख्या हाताशी आहेत. आता तीनच क्रिया करायच्या: बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार. हव्या तितक्या वेळा, हव्या त्या क्रमानं. पण क्षनं भागायचं नाही आणि क्षचं मूळ काढायचं नाही. एवढ्यावर जे जे तयार होतं, ती बहुपदी.

क्षला क्षनं गुणलं की क्ष², पुन्हा गुणलं की क्ष³. गुणाकारानं घातांक वाढतोच, बेरीज-वजाबाकीनं तो बदलत नाही. या वाटेनं घातांक अर्धा किंवा उणे होणारच कसा? √२ क्ष² का चालतं तेही इथेच कळतं. √२ ही आपल्याला आयती मिळालेली संख्या आहे, ती कुठून आली याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. बंधन आहे ते क्षवर काय करायचं याचं. ‘मुळाचं चिन्ह दिसलं की बहुपदी नाही’ असा सोपा नियम मनाशी बांधलेली मुलं नेमकी या उदाहरणाला अडखळतात.

२ चा क्ष घात हीही बहुपदी नाही. तिथे क्ष घातांकात जाऊन बसला आहे. २ ला किती वेळा गुणायचं हेच माहीत नसेल, तर ती पदावली ठरावीक पायऱ्यांत तयार होणार कशी?

आता एक बहुपदी खरोखर तयार करून बघू. ३० सेमी बाजूचा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून क्ष सेमी बाजूचा एकेक चौरस कापून टाका आणि कडा वर दुमडा. झाकण नसलेला खोका झाला. त्याची उंची क्ष आणि तळाची बाजू ३० − २क्ष. म्हणून घनफळ क्ष(३० − २क्ष)(३० − २क्ष). कंस सोडवले की

४क्ष³ − १२०क्ष² + ९००क्ष

असं रूप मिळतं. यात कुणी मुद्दाम तिसरा घात आणलेला नाही. लांबी, रुंदी, उंची गुणली, तो आपोआप आला. यातली ४क्ष³, −१२०क्ष² आणि ९००क्ष ही पदं. ४, −१२०, ९०० हे सहगुणक. उणे चिन्ह सहगुणकाचाच भाग आहे, ते सोडून लिहिलं की पुढचं सगळं गणित बिघडतं. क्ष नसलेलं पद म्हणजे स्थिरपद, इथे ते शून्य आहे. आणि सगळ्यांत मोठा घातांक ३, म्हणून या बहुपदीची कोटी ३.

क्षच्या जागी ४ घातले तर घनफळ १९३६ घन सेमी येतं, ५ घातले तर २०००, ६ घातले तर १९४४. म्हणजे मोठा खोका हवा असेल तर कात्री ५ सेमीच्या आसपास चालवा. क्ष = २० घातलं तरी उत्तर २०००च येतं! पण ३० सेमीच्या पुठ्ठ्यातून दोन्ही बाजूंनी २०-२० सेमी कापणार कसे? बहुपदीला पुठ्ठा ठाऊक नसतो. तिला कोणतीही संख्या द्या, ती मुकाट्यानं उत्तर देते. त्या उत्तराला अर्थ आहे की नाही, हे आपण बघायचं.

कोटीला एवढं महत्त्व का? क्ष = १००० घालून बघा. ४क्ष³ हे एकटं पद ४०० कोटी होतं. −१२०क्ष² त्यातले १२ कोटी कमी करतं आणि ९००क्ष जेमतेम ९ लाखांची भर घालतं. एकूण ३८८ कोटी ९ लाख. क्ष आणखी वाढवत गेलात तर मागच्या पदांचा वाटा नगण्य होत जातो. दूरवर गेल्यावर बहुपदी कशी वागणार, हे सगळ्यांत मोठ्या घाताचं पदच ठरवतं. म्हणून रेषीय, वर्ग, घन अशी वर्गवारी कोटीवरून होते. पदं मोजून केलेली एकपदी, द्विपदी, त्रिपदी ही वर्गवारी त्या मानानं वरवरची आहे. ती परीक्षेपुरती लक्षात राहिली तरी पुरे.

बहुपदी लिहिताना उतरत्या घातांकानं लिहायची आणि मधला घात नसेल तर तिथे शून्य मांडायचं, हे आपण सहगुणक रूपात शिकतो. क्ष³ − ५ चं सहगुणक रूप (१, ०, ०, −५). ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. गणिती ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर नवव्या शतकात भाष्य लिहिणारे पृथूदकस्वामी अज्ञात संख्येला ‘या’, तिच्या वर्गाला ‘याव’ आणि ज्ञात संख्येला ‘रू’ लिहीत, आणि उणे संख्येच्या डोक्यावर टिंब देत. १०क्ष − ८ = क्ष² + १ हे समीकरण त्यांनी दोन ओळींत, एकाखाली एक मांडलं आहे. वरच्या ओळीत याव ०, या १०, रू ८ (टिंबासह) आणि खालच्या ओळीत याव १, या ०, रू १. वरच्या बाजूला वर्ग नाही, तरी त्याची जागा शून्य घालून राखलेली. वजाबाकी करताना वर्गाखाली वर्ग, सुट्याखाली सुटा. (उत्तरं १ आणि ९ येतात, करून बघा.)

जागा राखण्याची ही रीत आणखी कुठे पाहिली आहे? रोजच्या संख्यांत. ४५७२ म्हणजे ४ हजार, ५ शतक, ७ दशक, २ एकक. म्हणजेच ४क्ष³ + ५क्ष² + ७क्ष + २ या बहुपदीत क्ष = १० घातलं की झाली ४५७२. आपण पहिलीपासून जी दशमान संख्या लिहीत आलो ती बहुपदीच आहे, फक्त क्ष कायमचा १० ठरवून टाकलेला, म्हणून तो लिहायची गरज उरत नाही. माझ्या मते बहुपदीचा धडा इथूनच सुरू व्हायला हवा. पुढे जे जे येतं ते सगळं या एका गोष्टीतून उलगडतं.

गुणाकार घ्या. (क्ष + २)(क्ष + ३) = क्ष² + ५क्ष + ६. आणि १२ × १३ = १५६. दोन्ही एकच. आता ११ चे घात बघा: ११, १२१, १३३१, १४६४१. हेच आकडे (क्ष + १) चे घात करताना सहगुणक म्हणून येतात. पाचव्या घाताला मात्र गंमत होते. ११ चा पाचवा घात १६१०५१ आणि (क्ष + १)⁵ चे सहगुणक १, ५, १०, १०, ५, १. जुळत नाहीत! कारण संख्यांच्या दुनियेत दहा झाले की हातचा पुढे न्यावा लागतो. बहुपदीत क्ष किती हेच ठाऊक नाही, त्यामुळे दहा सुट्यांचा एक दशक करण्याचा प्रश्न येत नाही. हातचा नाही. म्हणजे बहुपदींचा गुणाकार संख्यांच्या गुणाकारापेक्षा सोपा आहे, हे मुलांना खरंच वाटत नाही, पण तसंच आहे.

भागाकाराचंही तेच. १७ ला ५ नं भागलं की भागाकार ३, बाकी २. बाकी भाजकापेक्षा लहान झाली की थांबायचं. बहुपदीत बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान झाली की थांबायचं. मघाशी भागायला बंदी केली आणि आता भागाकार कसा, अशी शंका येईल. पूर्णांकांतही १७/५ हा पूर्णांक नसतोच, तरी आपण बाकी ठेवून भागतो. हा तसलाच भागाकार आहे. √क्ष आणि १/क्ष बाहेर ठेवले म्हणूनच बहुपदींचं जग पूर्णांकांसारखं वागतं. इथे अवयव पडतात, भाग जातो किंवा बाकी उरते, आणि मूळ संख्यांसारख्या आणखी न फुटणाऱ्या बहुपदीही सापडतात. भागाकाराला मोकळी सूट दिली असती तर कोणतीही बहुपदी कोणत्याही (शून्य सोडून) बहुपदीनं बिनबाकी भागली गेली असती आणि अवयव या गोष्टीला अर्थच उरला नसता.

जाता जाता शून्य बहुपदीचा प्रश्न. ७ या स्थिर बहुपदीची कोटी शून्य, कारण ७ म्हणजे ७क्ष⁰. पण ० या बहुपदीची कोटी ‘निश्चित करता येत नाही’ असं पुस्तक सांगतं आणि पुढे जातं. कारण सोपं आहे. दोन बहुपदी गुणल्या की कोटींची बेरीज होते. कोटी २ गुणिले कोटी ३ म्हणजे कोटी ५. आता शून्य बहुपदीला कोणतीही बहुपदी गुणा, उत्तर शून्यच. मग शून्याची कोटी अशी संख्या हवी जिच्यात २ मिळवले, ३ मिळवले, १०० मिळवले तरी ती बदलत नाही. अशी संख्या नाही.

आता या धड्यातला माझा सगळ्यांत आवडता भाग, शेष सिद्धांत. बहुपदीला (क्ष − अ) नं भागल्यावर बाकी किती उरेल? भागाकार करायची गरजच नाही. बहुपदीत क्षच्या जागी अ घाला, येईल ती बाकी. हे जादूसारखं वाटतं, पण सिद्धता एका ओळीची आहे:

बहुपदी = (क्ष − अ) × भागाकार + बाकी.

भाजकाची कोटी १, म्हणून बाकी ही नुसती संख्या. आता दोन्हीकडे क्ष = अ घाला. कंस शून्य होतो, भागाकार कितीही मोठा असला तरी तो शून्यानं गुणला जातो, आणि उरते ती बाकी.

उदाहरणार्थ क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६ ला (क्ष − २) नं भागायचं आहे. क्ष = २ घातलं की ८ − ८ − १० + ६ = −४. बाकी −४. क्ष = १ घातलं तर १ − २ − ५ + ६ = ०, म्हणजे (क्ष − १) नं भाग जातो. तो अवयव आहे. बाकी शून्य आली की शेष सिद्धांताचा अवयव सिद्धांत होतो, दोन वेगळे सिद्धांत म्हणून धास्ती घ्यायचं कारण नाही.

याचा खरा कस संख्यांवर लागतो. ४५७२ ला ९ नं भाग जातो का? अंकांची बेरीज ४ + ५ + ७ + २ = १८, म्हणून जातो. ही कसोटी आपण प्राथमिक शाळेत शिकलो, पण ती का चालते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. बघा: ४५७२ ही ४क्ष³ + ५क्ष² + ७क्ष + २, क्ष = १०. आणि ९ म्हणजे क्ष − १. शेष सिद्धांत म्हणतो, क्षच्या जागी १ घाला. एकाचे सगळे घात एकच, म्हणून उरते ती सहगुणकांची, म्हणजे अंकांची बेरीज. ११ ची कसोटीही तशीच. ११ म्हणजे क्ष + १, म्हणून क्षच्या जागी −१ घालायचा. घात आळीपाळीनं उणे-अधिक होतात, म्हणून अंकांची एकाआड एक वजाबाकी-बेरीज: −४ + ५ − ७ + २ = −४. बाकी −४ म्हणजे ११ मधून ४ गेले, ७. आणि ४५७२ = ११ × ४१५ + ७, अगदी बरोबर.

संश्लेषक भागाकार पद्धतीकडेही याच नजरेनं बघता येतं. मघाचाच (क्ष − २) नं केलेला भागाकार घ्या: सहगुणक १, −२, −५, ६ आणि बाजूला २. पहिला १ खाली आणा. त्याला २ नं गुणून पुढच्यात मिळवा: ०. पुन्हा गुणून मिळवा: −५. पुन्हा: −४. खालच्या ओळीत १, ०, −५, −४ आले. म्हणजे भागाकार क्ष² − ५ आणि बाकी −४. पण आपण प्रत्यक्षात काय केलं? ((क्ष − २)क्ष − ५)क्ष + ६ असे कंस पाडून क्ष = २ ची किंमत काढली. घात वेगळे काढत बसण्यापेक्षा यात गुणाकार कमी लागतात. इंग्लंडच्या हॉर्नरनं १८१९ साली मांडलेल्या पद्धतीच्या गाभ्याशी हेच आहे, म्हणून ती आज त्याच्या नावानं ओळखली जाते, पण चीनच्या छिन च्यूशाओच्या १२४७ मधल्या ग्रंथात ती आधीच होती. संगणकही बहुपदीची किंमत सहसा अशीच काढतो.

संगणकाला बहुपदी लागते तरी कशाला? कारण साइनसारखी फलं बेरीज, वजाबाकी, गुणाकारानं थेट निघत नाहीत. म्हणून त्यांच्याजवळ जाणारी एखादी बहुपदी वापरतात. क्ष − क्ष³/६ + क्ष⁵/१२० मध्ये क्ष = ०.५ (रेडियन) घाला, ०.४७९४२७ येतं. खरी किंमत ०.४७९४२६. तीन पदांत पाच दशांश स्थळांपर्यंत मेळ! ही पदं पुढे कशी वाढवत न्यायची हे केरळात चौदाव्या शतकात माधवानं दाखवलं होतं.

आता मुळांकडे येऊ. बहुपदीची किंमत ज्यानं शून्य होते ते तिचं मूळ. प्रत्येक मूळ एकेक (क्ष − अ) असा अवयव बाहेर काढतं आणि दर वेळी उरलेल्याची कोटी एकानं घटते. म्हणून तीन कोटीच्या बहुपदीला तीनपेक्षा जास्त मुळं असूच शकत नाहीत. वरच्या क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६ या उदाहरणात ती १, −२ आणि ३ आहेत. मुळं शोधायचं सूत्र वर्गसमीकरणासाठी शाळेत शिकवतात. तिसऱ्या आणि चौथ्या घातासाठीची रीत इटलीत कार्दानोनं १५४५ मध्ये छापली. पाचव्या घातासाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं काढणं एवढ्यावर चालणारं सर्वसाधारण सूत्र शक्यच नाही, हे नॉर्वेच्या आबेलनं १८२४ मध्ये सिद्ध केलं. तो तेव्हा बावीस वर्षांचाही नव्हता.

‘मुळं कोटीपेक्षा जास्त नाहीत’ हे वाक्य दिसतं साधं, पण त्यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे आपण जाणतो. तसंच, तीन बिंदूंच्या (क्ष वेगवेगळे हवेत) किमती दिल्या तर त्यांतून जाणारी दोन किंवा कमी कोटीची बहुपदी एकच असते. दोन असत्या तर त्यांची वजाबाकी तीन ठिकाणी शून्य झाली असती, आणि दोन कोटीला तीन मुळं असत नाहीत.

याचा वापर करून निरोप सुरक्षित पाठवता येतो. समजा ३ आणि ५ हे दोन आकडे पाठवायचे आहेत. क्ष = १ ला ३ आणि क्ष = २ ला ५ देणारी रेषीय बहुपदी २क्ष + १. मग क्ष = ३ आणि ४ च्या किमतीही जोडून ३, ५, ७, ९ असे चार आकडे पाठवा. वाटेत कोणतेही दोन गहाळ झाले तरी उरलेल्या दोनांतून तीच रेषा सापडते आणि हरवलेले आकडे परत मिळतात. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. चरे पडलेली सीडी वाजायची ती याच्याच जोरावर.

भाजीवाल्याच्या गाड्यावर चिकटवलेला क्यूआर कोडही हेच वापरतो. १९९४ साली जपानमध्ये वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी तो तयार झाला. त्यात मजकुराचे आकडे सहगुणक म्हणून घेतात, त्यांची बहुपदी करतात, तिला एका ठरलेल्या बहुपदीनं भागतात आणि आलेली बाकी मजकुराच्या शेवटी जोडतात. अशी जोडतात की सगळी मिळून होणारी बहुपदी त्या भाजकानं बिनबाकी भागली जावी. मोबाइल कोड वाचतो तेव्हा भाजकाची मुळं त्या बहुपदीत घालून बघतो. सगळीकडे शून्य आलं तर मजकूर शाबूत. नाही आलं तर जी बाकी उरते, तिच्यावरूनच कुठले आकडे बिघडलेत आणि मूळचे कोणते होते, ते शोधलं जातं. सगळ्यांत भक्कम प्रकारच्या कोडमध्ये सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर भरून काढता येतो. यातले आकडे नेहमीचे नसतात. २५६ संख्यांचा एक बंद संच असतो आणि त्यातली बेरीज, वजाबाकी, गुणाकार वेगळ्या नियमांनी चालतात. पण बहुपदीला एवढ्या तीनच क्रिया लागतात. त्या जिथे नीट चालतात तिथे नववीतला भागाकारही चालतो आणि शेष सिद्धांतही.